तुआमच्या दगडावरचं नाव

डोळ्यांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या सुआनने 'स्वीकारा'वर बोट ठेवलं आणि तिची आई बदलली. बोट नुसतं सवयीनं गेलं होतं. दातांच्या डॉक्टरकडची नोकरी संपल्यापासून हाताला चाळा म्हणून ती फोनवर त्या वंशवृक्षाच्या खेळात पडली होती, आणि आता तो चाळा राहिला नव्हता, चांगलं खूळ झालं होतं. आपण एक नाव टाकायचा अवकाश, की पर्थमधला, तैपेईमधला, देव जाणे कुठला कुठला माणूस आधीच ढीगभर नावं लिहून बसलेला असायचा, आणि पडदा विचारायचा, ही माहिती तुमच्या झाडाशी जुळते, घ्यायची का? घे बाई, आयती मिळतेय तर का सोडा! अशी घेत घेत ती मागे मागे जात पार मिंग राजांच्या दरबारापर्यंत पोचली होती. तिथं तिला एक मंत्री सापडला होता, सख्खा पूर्वज, लांब दाढीचा. हे कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. उलट त्या मंत्र्याचं कौतुक तिनं घराजवळच्या आयर ईतामच्या बाजारात मासेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. आणि आज त्याच पडद्यावर, त्याच साध्या अक्षरांत, तिच्या स्वतःच्या नावावरची रेघ उचलून कुणीतरी दुसरीकडे नेऊन जोडली होती. ऊई गेक सुआन. वडील, ऊई तियान हॉक. आई, चुआ सियोक इम. आणि तिची आई लिम पोह कीन, जी या क्षणी तिच्या शेजारी डोळ्यांत औषध घालून, मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून बसली होती, ती एका बाजूच्या चौकटीत गेली होती. नातं, काकू.

तियान हॉक म्हणजे तिचे तुआपेक, वडिलांचे थोरले भाऊ. सियोक इम म्हणजे त्यांची बायको, तुआम, जी सुआनच्या जन्माच्या वर्षीच वारली. सुआनने तिला पाहिलं होतं ते फक्त आजीच्या खोलीतल्या फोटोत: उंच मान, दाट केस, आणि फोटो काढणाऱ्याच्या पलीकडे कुणीतरी हाक मारल्यासारखी नजर. चूक असेल, सुआन स्वतःशी म्हणाली. कुणीतरी नावं उलटसुलट केली असतील. पण चौकटीखाली एक फोटो जोडलेला होता. टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीतली शेवाळलेली समाधी, गवत कापून नुकतीच मोकळी केलेली, आणि दगडावर अक्षरांच्या उभ्या ओळी. सुआन कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चिनी अक्षरं तिला म्हणजे भिंतीवरची नक्षी. फक्त स्वतःच्या नावाची तीन अक्षरं तेवढी ओळखू यायची. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात सरकवला. तीनही अक्षरं तिथं होती. झिजलेली, पण तिची. आणि मग एकदम आठवलं की ती अक्षरं काढायला तिला शिकवलं होतं तुआपेकनी. दुकानाच्या पायरीवर बसून, ओल्या बोटानं, सिमेंटवर. वडिलांनी नाही, आईनं नाही. तुआपेकनी.

फोटो टाकणाऱ्याचं नाव हॉक सेंग होतं. जुन्या समाध्या साफ करून त्यांवरची नावं उतरवणाऱ्या हौशी मंडळींपैकी एक. सुआनने त्याला लिहिलं, ही माहिती तुम्ही कशावरून दिलीत? उत्तर लगेच आलं, जणू पोरगा वाटच पाहत बसला होता. "दगडावर अगदी स्पष्ट आहे, आंटी! 'कन्या गेक सुआन' असंच कोरलंय. तुम्ही त्याच का? अरे वा! अभिनंदन आंटी, आईची समाधी सापडली तुमच्या!" पुढे टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चित्रं. तिला त्याचा राग येईना. पोरानं काय वाईट केलं होतं? उन्हात गवत कापलं होतं आणि दिसलं ते लिहिलं होतं. तिनं फोन पालथा घालून मांडीवर ठेवला, तरी तो मांडीला चटका देत राहिला.

शेजारी तिची आई, म्हणजे आचिम, नाकानं बारीक शीळ घालत होती. आचिम. धाकटी काकू. सुआन जन्मभर आपल्या आईला काकू म्हणत आली होती आणि वडिलांना आचेक, काका. आणि यात तिला कधीही काही वावगं वाटलं नव्हतं. कारण तिच्या लहानपणी गल्लीतली निम्मी पोरं असंच काहीतरी म्हणायची. ज्योतिषी सांगायचा, हिच्या जन्मवेळेचं आईच्या जन्मवेळेशी वाकडं आहे, आई म्हणू देऊ नका, की झालं. कुणाची आई मावशी व्हायची, कुणाची नुसती वहिनी, एकाची तर 'बाई' होती. पत्रिकेचं कारण सगळ्यांना पुरायचं. सुआनलाही पुरलं होतं, इतकी वर्षं. पण आता त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांनंतर तेच कारण तिच्या मनात जुन्या कपाटाच्या दारासारखं करकरलं. खरी पत्रिका कुणी पाहिली होती? ज्योतिषी कोण, कुठला? तिच्या धाकट्या भावाला, तियोंगला, मग पत्रिका नव्हती का? तो पहिल्या दिवसापासून 'मा, मा' करत आईच्या पदराशी. आणि ती? सहाएक वर्षांची असेल, तियोंगचं ऐकून एकदा मागल्या अंगणात तीही म्हणाली होती, "मा, मला पण दे." काय मागितलं होतं ते आठवत नव्हतं. हात आठवत होता. आईचा ओला, लसणाचा वास येणारा हात सटकन तोंडावर आला होता, दातावर ओठ आपटून रक्त आलं होतं. "पुन्हा म्हणशील?" आई ओरडली होती. पुन्हा ती कधीच म्हणाली नाही. तेव्हा वाटलं होतं, आई तापट आहे. आज वाटलं, असं कोण करतं? स्वतःच्या पोरीचं तोंड असं कोण दाबतं?

आणि एकदा दार करकरलं म्हटल्यावर आतलं सगळंच बाहेर यायला लागलं. आठवणींना लाज नसते, ज्याचा खटला त्याच्या बाजूनं साक्ष देतात. कोंबडीची तंगडी तियोंगला. हिला पंख, "तुला पंखच आवडतो" असं म्हणून. नव्या वर्षाच्या लाल पाकिटात तुआपेक इतर भाच्या-पुतण्यांपेक्षा तिला नेहमी जास्त पैसे घालायचे आणि वर तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलायला तोंड उघडून मिटायचे. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. का केलं नाही? तिचे केस दाट होते. आईचे विरळ, तियोंगचं तर तिशीतच टक्कल. फोटोतल्या तुआमचे केस दाट होते. हे इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही? का सगळ्यांच्याच लक्षात होतं आणि तिच्यापुढं सगळे गप्प बसत होते? तिच्या लग्नात तुआपेक मागच्या टेबलावर बसून रडले होते. म्हातारा पितो आणि रडतो, असं सगळे म्हणाले. नवरा वारला तेव्हा मात्र आईनं तिला एका वाक्यात घरी आणलं होतं, "सामान बांध, वरची खोली रिकामी आहे." किती कोरडं वाटलं होतं ते. पुतणीला आसरा द्यावा तसं. आता ती स्वतःच बासष्टची, आचिम चौऱ्याऐंशीची, एका फ्लॅटमध्ये दोन म्हाताऱ्या टीव्हीच्या आवाजावरून भांडत राहतात, आणि यातली एक दुसरीची कुणीच नाही की काय? काकू म्हणजे काही कुणीच नाही असं नव्हे, हे तिला कळत होतं. वाढवलं, शिकवलं, दुखलंखुपलं पाहिलं. पण तिला तेवढं नको होतं. लहान पोरासारखं तिला ही शेजारची, शीळ घालणारी, सुरकुतलेली बाई आपली सख्खी आई म्हणून हवी होती, उपकार म्हणून नको होती. आणि हे हवंपण इतकं जोरात वर आलं की तिला दवाखान्याच्या गारव्यात घाम फुटला.

विश्वास ठेवू नये म्हणावं, तर तेही जमेना. दाढीवाल्या मंत्र्याला ओळख ना पाळख, त्याला तिनं डोळे मिटून घरात घेतलं होतं. तो लिहिणारा शहाणा आणि हा लिहिणारा खुळा, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? खाली बारीक अक्षरांत लिहून आलं होतं की आणखी पाच जणांच्या झाडांतही हीच नोंद आहे. पाच जण! त्यातला एक कॅनडात. कॅनडातल्या कुणा माणसाला ठाऊक होतं की सुआनची आई कोण, आणि सुआनला नव्हतं.

"काय गं, उसासे काय टाकतेस म्हशीसारखे?" आचिम डोळे न उघडता म्हणाली. "डोळे माझे तपासतायत का तुझे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणे. केव्हाची मांडी हलवतेयस. बाकडं हलतंय माझं."

परिचारिकेनं हाक मारली, आचिमला आत नेलं, परत आणलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि उजेड सोसू नये म्हणून जाड काळा चष्मा दिला होता, तो तिच्या बारक्या तोंडावर पार गालापर्यंत उतरला होता. कोपऱ्यावरच्या कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानात बसायचं, हे त्यांचं दवाखान्यानंतरचं ठरलेलं. सुआनने तिचा हात धरून रस्ता ओलांडला. हात तोच, लसणाचा. दुकानात पंखा फिरत होता, मागच्या टेबलावर दोन रिक्षावाले म्हातारे जोरजोरात बोलत होते. आचिमनं अर्धकच्ची अंडी मागवली, वर सोयासॉस आणि मिरी, आणि न दिसताही बशी अचूक तोंडाला लावून भुरकन ओढली. सुआनने टोस्टला हात लावला नाही. विचारावं कसं, हे ती मघापासून मनात मांडत होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच, एकदम, उघडं.

"आचिम, मी तुआमची मुलगी आहे का?"

बशी खाली आली. काळ्या चष्म्याआडून काही दिसत नव्हतं.

"कुणी सांगितलं?"

नाही म्हणाली नाही. कुणी सांगितलं, असं म्हणाली. तिनं फोन पुढे केला, मग आठवलं की हिला दिसत नाही, आणि मग ती नुसती बोलत सुटली, हॉक सेंग, दगड, गवत, कोपऱ्यातली अक्षरं, कॅनडा.

"म्हणजे दगड दिसतोय अजून!" आचिम म्हणाली. तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "मला वाटलं, गवतानं खाल्ला असेल. चांगला दगड होता, तुझ्या आजीनं इपोहून आणवला होता."

"आचिम!"

"ओरडू नकोस. सांगते ना. जरा मिरी दे इकडे." तिनं मिरी घातली, बोटानं ढवळली. "तुआम गेली आधी, पोटाला काहीतरी झालं, आठवड्यात आटपलं. मूलबाळ नाही. मग तू झालीस. तू झालीस म्हणजे कशी, पायाळू! आधी पाय. ती सुईण म्हणाली, एक तर आई नाही तर पोर. माझ्या अंगावर अजून खुणा आहेत, दाखवू इथंच? दाखवू?"

मागचे रिक्षावाले बोलायचे थांबले.

"नको, नको, आचिम."

"मग ऐक. मी बाळंतिणीच्या खोलीत. बाहेर पडायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आल्यातली कोंबडी खायची आणि निजायचं. तिथं तुझी आजी आली. म्हणाली, थोरली रोज स्वप्नात येते, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते, उपाशी. तिला पान ठेवणारं कुणी नाही. पोर तिच्या नावावर कर. माझ्या तोंडात घास होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, सासूबाई, पोर देणार नाही. तुम्ही मला माहेरी पाठवा नाही तर समुद्रात ढकला. ती रडायला लागली. तुझी आजी कधी रडली होती का? मी घाबरले. मग म्हटलं, नाव घ्या. दगडावर घाला, मला काकू म्हणायला लावा, काय हवं ते करा. पण पोर माझ्या कुशीत निजणार, माझं दूध पिणार, आणि तिला यातलं काही कळता कामा नये. तिनं कबूल केलं. झालं. एवढंच आहे ते."

"आणि पत्रिका?"

"कसली पत्रिका? तुला काहीतरी सांगायला नको? तू प्रश्न किती विचारायचीस!"

सुआनला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. तिचा जीव असा भांड्यात पडला की तिला तो पडल्याचा आवाज आला असं वाटलं. खांद्यांतलं, मानेतलं, कुठं कुठं आवळून धरलेलं सगळं सैल झालं. भूक लागली. टोस्टवरच्या नारळाच्या जॅमचा वास आला, तो मघापासून तिथंच असणार. तरी तिच्यातली दातांच्या दवाखान्याची बाई, जन्मभर लोकांच्या नावापुढं खूण करत आलेली, एकदा म्हणालीच: कशावरून? हिच्या बोलण्याला पुरावा काय? दगड आहे, फोटो आहे, पाच झाडं आहेत, आणि या बाजूला अंडं भुरकणारी एक म्हातारी. पण खोटं बोलणारा माणूस इतकं कंटाळून बोलत नाही, आणि बोलता बोलता मिरी मागत नाही. आणि गंमत म्हणजे खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. दगडानं सांगितलं ते खरं, पोरानं वाचलं ते खरं, कॅनडातल्यानं उतरवून घेतलं तेही तसंच्या तसं. फक्त ज्या खोलीत आल्याच्या कोंबडीचा वास होता आणि एक बावीस वर्षांची बाई सासूशी सौदा करत होती, त्या खोलीत यांपैकी कुणी नव्हतं. तो मंत्रीसुद्धा असाच कुणाच्या कुठल्या खोलीतून आला असेल कोण जाणे! त्याला घरी गेल्यावर निरोप द्यायचा, असं तिनं ठरवलं, आणि दरबार रिकामा होणार म्हणून तिला जराही वाईट वाटलं नाही.

"मग तोंडावर का मारलंस?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण आता सगळंच सोपं झालं होतं. "मी एकदा मा म्हटलं तर? रक्त आलं होतं."

आचिमनं बशी बाजूला सारली. चष्म्याखालून पाणी गालावर आलं. औषधाचं की कशाचं, कळायला मार्ग नव्हता.

"तुआमनं ऐकलं असतं तर?" ती म्हणाली. "सौदा मोडला असं झालं असतं. मी तिला फसवलं असं झालं असतं. मी दिवसरात्र भ्यायचे गं. तुला ताप आला, की वाटायचं, न्यायला आली. चेंगबेंगला सगळे टेकडीवर पितरांना पान वाहायला जायचे, तुला मी कधी वर जाऊ दिलं? खाली टोपल्यांपाशी बसवायचे. वर जाऊन तिला सांगायचे, तुआम, पोरीला बरं नाही, यंदा आली नाही. दरवर्षी. मेलेल्या बाईशी मी दरवर्षी खोटं बोलले. चांगली होती बिचारी. माझे केस विंचरायची. नुसतं एकदा पोरीकडे बघून 'दे' म्हणाली असती, तर मला नाही म्हणता आलं नसतं."

सुआनने तिचा हात धरला. आचिमनं तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेतला, कारण कोपी प्यायची होती.

"तुआपेकना माहीत होतं?"

"माहीत नसायला काय? दर पाकिटात भर घालायचा. मी म्हटलं होतं त्याला, प्रेम कर, पण तोंड उघडलंस तर याद राख."

"मग मी हे पुसून टाकते," सुआन फोन उचलून म्हणाली. "त्या मुलाला लिहिते, चूक आहे म्हणून."

"पुसू नकोस!" आचिम एवढ्या जोरानं म्हणाली की दुकानदारानं वळून पाहिलं. "दिलेलं परत घेतात का? तिची तेवढीच एक पोर आहे. उपाशी ठेवशील तिला? त्या तुझ्या झाडात दोन आया चालत नाहीत का?"

"चालतात. दत्तकाची सोय असते."

"मग घाल की."

सुआनने तिथंच बसून घातलं. पडद्यानं विचारलं, या माहितीचा आधार काय? तिनं लिहिलं, आईनं सांगितलं. पडद्याला तेवढं पुरलं. दोन रेघा आल्या, दोन चौकटी, शेजारी शेजारी. तिनं ते आचिमला वाचून दाखवलं.

"शेजारी?" आचिम कुरकुरली. "मला थोडी वर नाही का घालता येत? पाय आधी आलेले मी सोसले."

"वर नाही येत घालता."

"कसलं मेलं झाड!"

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आचिमला ते सोसणार नव्हतं, म्हणून दोघी आणखी एक एक कोपी घेऊन बसून राहिल्या. सुआनने तिचा टोस्ट संपवला, आचिमच्या बशीतलाही उरलेला खाल्ला. असं शांत तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. काल तरी कुठं अशांत होते, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं तो जाऊ दिला.

"आचिम, या चेंगबेंगला मी वर जाऊन येते," ती म्हणाली. "तुआमला भेटून येते. एवढी वर्षं नाव वापरलं तिनं माझं, तोंड तरी दाखवते."

आचिमनं कप खाली ठेवला. "जा. जायलाच हवं," ती म्हणाली. "पण मी बरोबर येणार."

"एवढी टेकडी? तुझे गुडघे?"

"गुडघ्यांचं माझं मी बघते. एकटी जायचं नाहीस तू."

"अगं, बासष्टची थेरडी मी. आता मला नेऊन ती काय करणार आहे?"

"तुला काय कळतंय?" काळ्या चष्म्यातून काहीही न दिसणारी आचिम म्हणाली, आणि टेबलावर चाचपत तिनं सुआनचं मनगट पकडलं, चांगलं घट्ट. "तू पान वाढ, अगरबत्ती लाव, पायाही पड तिच्या. मी मध्ये उभी राहीन."